गव्हाला तालुका कळत नाही

अत्तार मॅडम पहिल्यांदा आमच्या गोदामात आल्या, त्या दिवशी मी सगळी रजिस्टरं पुसून टेबलावर रचून ठेवली होती. नवीन पुरवठा निरीक्षक येणार म्हटल्यावर गोदामपालानं तेवढं करायचंच असतं. आवक, जावक, बारदान, सगळं. एक खुर्चीही झटकून ठेवली होती. मॅडमनी त्यातल्या कशालाही हात लावला नाही. हेल्मेट काखेत तसंच धरून त्या सरळ थप्प्यांच्या मधल्या बोळात शिरल्या, एका कट्ट्यावर, भरल्या पोत्यावर, तळहात ठेवला आणि म्हणाल्या, "सरवदे भाऊ, हा गहू आला कुठून?"

"वरच्या मोठ्या गोदामातून."

"कुठल्या रस्त्यानं?"

सतरा वर्षांच्या नोकरीत मला हे कुणी विचारलं नव्हतं. धान्य ट्रकनं येतं, ट्रक रस्त्यानं येतो, यात विचारायचं काय? मी म्हणालो, "नेहमीच्या."

"नेहमीचा म्हणजे कुठला? आणि तोच का?"

त्यांना उत्तराची गरज नव्हती. त्या बोलत बोलत दुसऱ्या टोकाला पोचल्या होत्या. तिथून त्यांचा आवाज आला, "आत्ता येताना उमरग्याच्या रस्त्यावर मला दोन ट्रक दिसले. एक तुमच्या लोहाऱ्याचा, तिकडं निघालेला. एक उमरग्याचा, इकडं येणारा. दोन्हीत गहू. एकमेकांना हॉर्न देऊन, हात दाखवून गेले. तिकडच्या गावाला तिकडचाच गहू आणि इकडच्याला इकडचाच दिला असता, तर काय बिघडलं असतं?"

"मॅडम, ते पलीकडचं गाव आपल्या तालुक्यात येतं. आणि हे अलीकडचं त्यांच्या."

थप्प्यांमधून त्या बाहेर आल्या. खांद्याला बारदानाची तुसं लागली होती. "गव्हाला तालुका कळतो का भाऊ?" असं विचारून त्या स्कूटरवर बसल्या आणि गेल्या. खिडकीत अर्धा कप चहा राहिला होता.

हे अर्धे कप पुढं तीन वर्षं मी उचलत राहिलो. मॅडमनी चहा पुरता प्यालेला मी पाहिला नाही. उभ्यानं दोन घोट घ्यायचे, काहीतरी आठवायचं, कप हाताला येईल तिथं ठेवायचा. कधी वजनकाट्यावर, कधी थप्पीच्या कोपऱ्यावर. आमचे हमाल म्हणायचे, मॅडम कुठून कुठं गेल्या ते कपांवरून कळतंय.

वय पंचेचाळीसच्या आसपास. अंगानं किरकोळ, डोक्यावर ओढणी घट्ट बांधलेली, पायात बुटं. गणितात एम.एस्सी. केलेलं. दोन-तीन वर्षं कॉलेजात तासिकेवर शिकवलं, मग परीक्षा देऊन पुरवठा खात्यात आल्या. लग्न केलेलं नव्हतं. धाराशिवला अम्मी आणि त्या, दोघीच. त्यांच्या वडलांबद्दल एकदाच बोलल्या. ते गावोगावच्या जत्रांतून अत्तर आणि सुरमा विकायचे. "अब्बा चौथीपर्यंत शिकलेले," त्या म्हणाल्या, "पण बारा जत्रांचा रस्ता असा लावायचे की कुठल्याही वाटेवरून दोनदा चालायचं नाही. मी एम.एस्सी.ला गेल्यावर कळलं, ह्याच्यावर लोकांनी जाड जाड पुस्तकं लिहिलीत." एवढं सांगून त्या थांबल्या नाहीत. लगेच विचारलं, "तुमच्या पूर्वेच्या कोपऱ्यात पाणी गळतं का?"

गळत होतं. पत्रा फाटलेला होता आणि दुरुस्तीचे कागद कुठल्या तरी टेबलावर निवांत होते. दर पावसाळ्यात त्या कोपऱ्यातला तांदूळ ओलावा धरायचा, किडा पडायचा, आम्ही तो चाळून, पंख्याखाली पसरून पुन्हा भरायचो. मॅडमनी पहिलं काम ह्याच कोपऱ्याचं केलं. कुठलं धान्य किती दिवस कुठं पडून राहतं ते त्यांनी माझ्या रजिस्टरांतून उतरवून घेतलं. आणि मृगाच्या आधी पूर्वेचा कोपरा रिकामा राहील अशा बेतानं आवक-जावकीच्या तारखा पुढं-मागं केल्या. नवीन पत्रा नाही, नवीन माणूस नाही. फक्त तारखा. त्या वर्षी कोपऱ्यात पाणी गळलं ते नुसत्या फरशीवर. मी ते बघत किती तरी वेळ उभा होतो. एवढं सोपं होतं, तर इतकी वर्षं आपण काय चाळत बसलो, असं वाटून माझं मलाच कसंसं झालं.

त्यांच्या बोलण्यात एक शब्द होता, "पुढं?" समोरचा माणूस वाक्याच्या मध्यात असताना त्यांना शेवट कळलेला असायचा. मग त्या हात हलवून म्हणायच्या, "बरोबर, बरोबर. पुढं?" बहुतेक वेळा त्यांना कळलेला शेवट खराही असायचा. त्यामुळं कुणी रागावत नव्हतं. पण माणूस थोडा हडबडायचा, आणि जे खरंच पुढं सांगायचं असायचं ते विसरून जायचा.

दुकानांची अंतरं आमच्याकडं एका जुन्या तक्त्यात होती. कुणी मोजली, कधी मोजली, देव जाणे. मॅडमनी तो तक्ता एकदा वाचला आणि बाजूला ठेवला. त्यानंतर चार महिने त्या स्कूटरवर होत्या. लोहारा आणि उमरगा, दोन्ही तालुक्यांतलं प्रत्येक रेशन दुकान त्यांनी स्वतःच्या स्कूटरच्या काट्यावर मोजलं. एकदा मीही मागं बसून गेलो. पुन्हा गेलो नाही. दर फाट्यावर त्या गाडी थांबवत, काटा बघत, आणि आकडा पेनानं तळहातावर लिहीत. वही होती, पण वही काढायला वेळ जातो म्हणत. दुपारपर्यंत डावा हात कोपरापर्यंत निळा झाला होता. माकणीच्या अलीकडं एका गावात पाणी प्यायला थांबलो, तर हापशावरची एक बाई म्हणाली, "काय वं बाई, कुणाच्या लग्नाला निघाला? मेंदी लई रंगली."

मॅडमनी हात पुढं केला. "ही तुमच्याच गावाची मेंदी. सोळा किलोमीटर. कागदावर बावीस आहे."

"मग सहा कुठं गेलं?"

"तेच शोधतेय," मॅडम म्हणाल्या, आणि त्या बाईबरोबर मोकळं हसल्या. तसं हसताना मी त्यांना फार थोड्या वेळा पाहिलं.

सगळी अंतरं जमल्यावर त्या एका दुपारी गोदामात आल्या आणि फरशीवर खडूनं नकाशा काढायला लागल्या. ट्रक यायला उशीर होता, हमाल बसून होते. मॅडमनी त्यांनाच उभं केलं. मुकादम दगडूमामाला म्हणाल्या, "मामा, तुम्ही लोहाऱ्याचं गोदाम." दुसऱ्याला उमरग्याचं केलं. रिकामी पोती मधे मधे टाकली, ती गावं.

"आता प्रत्येक गावाला सगळ्यात जवळचं गोदाम द्या."

हमालांनी पोती ओढली. मामांच्या पायाशी ढीग झाला, दुसऱ्याकडं थोडीच.

"बघा. मामांकडं एवढी जागाच नाही. गोदाम फुटेल. म्हणजे काही गावं लांबच्याकडं द्यावी लागणार. पण कोणती? जे गाव हलवल्यानं सगळ्यात कमी रस्ता वाढतो, ते. एकेकाचं बघायचं नाही. सगळ्यांचं मिळून कमी. हेच गणित. कागदावर दोन गावांचं तुम्ही आत्ता केलं तसं करता येतं. शंभरावर दुकानांचं कॉम्प्युटरला सांगावं लागतं."

"आन् कंप्युटर समदं बघतो व्हय?" मामांनी विचारलं.

"आपण सांगू तेवढंच बघतो. प्रत्येक गोष्ट अट म्हणून लिहावी लागते. गोदामाची जागा, एक अट. दुकानाला पुरं धान्य मिळालंच पाहिजे, दुसरी अट. अट म्हणजे आडवं येणारं खरं. ती लिहिली नाही तर उत्तर देखणं येतं आणि खोटं असतं."

दगडूमामा साठीच्या घरातले. पाठीवर आयुष्यभराची पोती वाहिलेली, बोलायला अतिशय सावकाश. एका गोष्टीवर येण्याआधी तिच्या पाहुण्यारावळ्यांची चौकशी करणारे. ते फरशीवरल्या एका पोत्याकडं बघत होते. ती नागझरवाडी. वाडी उमरगा तालुक्यात, पण आमच्या गोदामापासून सरळ रस्त्यानं नऊ किलोमीटर. उमरग्याहून तिथं जायला मोठा वळसा. मॅडमच्या गणितात ही वाडी आमच्याकडं येत होती आणि त्या एका बदलानं बराच रस्ता वाचत होता.

"मॅडम," मामा म्हणाले, "ह्या वाडीचं बगा. म्हंजी आमची थोरली आत्ती तितंच दिलेली. तवा बैलगाडीनं..."

"अंतर नऊ. बरोबर ना मामा?"

"नऊच हाय. पर ती वाट जी हाय..."

"डांबरी आहे, मी गेलेय. पुढं?"

मामा थांबले. तेवढ्यात मॅडमचा फोन वाजला आणि त्या बोलत बोलत बाहेर गेल्या. मामांनी तंबाखू थुंकली आणि मला म्हणाले, "वढ्याचं सांगायचं व्हतं."

मला तो ओढा माहीत होता. रस्त्यावर बुटका फरशी पूल आहे. मोठा पाऊस झाला की पाणी वरून जातं आणि तीन-तीन, चार-चार दिवस उतरत नाही. मॅडम गेल्या होत्या उन्हाळ्यात, तेव्हा तिथं शेरडं चरत होती. मी मामांना म्हणालो, "सांगू नंतर." नंतर ट्रक आला. आणि मी सांगितलं नाही. त्यांना सगळं माहीत असेल असं वाटलं, आणि दुसऱ्याच्या कामात आपण कशाला बोला, असंही वाटलं. सरकारी नोकरीत ही दोन वाक्यं माणसाच्या हाडात बसतात.

जिल्ह्याच्या बैठकीला मी साठ्याचे आकडे घेऊन गेलो होतो, म्हणून तिथलं बोलणं ऐकलं. जिल्ह्याचे पुरवठा अधिकारी साहेब नवखे नव्हते. त्यांनी मॅडमचा तक्ता शेवटपर्यंत वाचला. वाहतुकीचे कंत्राटदार समोर बसले होते. त्यांना भाडं किलोमीटरवर मिळायचं, त्यामुळं रस्ता आटणं त्यांना परवडणारं नव्हतं. पण ते रागानं बोलले नाहीत. अगदी मऊ आवाजात म्हणाले, "मॅडम, तुम्ही शिकलेल्या. पण रस्ता आमच्या डायवरला माहिती असतो."

"मग बोलवा त्याला. विचारू," मॅडम म्हणाल्या. त्या खिडकीपाशी उभ्या होत्या. खुर्ची रिकामी होती.

कंत्राटदार हसले. ड्रायव्हरला कुणी बोलावलं नाही. मॅडमनी पुन्हा आठवण केली नाही, त्यांना पुढचा मुद्दा मांडायचा होता. साहेब म्हणाले, "तालुक्याची हद्द ओलांडायची म्हणजे लोक प्रश्न विचारतील. तरी तीन महिने करून बघा. दोनच तालुके."

पहिला महिना सुरेख गेला. ट्रक दुपारीच रिकामे होऊन परत यायला लागले. काही दुकानांत धान्य आठवडाभर आधी पोचलं. उमरग्याच्या रस्त्यावरचं ते हॉर्न देणं बंद झालं. मॅडम रोज तीन वेळा फोन करायच्या. "आज किती? कुठं थांबला? का थांबला?" कामात यश आलं की माणसं जरा टेकतात. ह्या बाईंची भिंगरी आणखी जोरात फिरायला लागली. एकदा त्यांच्या अम्मी फोनवर मला म्हणाल्या, "बेटा, ये लडकी खाना भी चलते चलते खाती है. तुम्ही तरी सांगा."

दुसऱ्या महिन्यात पाऊस झाला. वर कुठं तरी जोरात झाला असणार, कारण आमच्याकडं आभाळ उघडं होतं आणि ओढा मात्र दुथडी भरून आला. नागझरवाडीचा ट्रक पुलावरून परत आला. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला, पुन्हा परत. मी ड्रायव्हरला म्हणालो, वळसा घालून जा. तो म्हणाला, "आदेशात हीच वाट लिहिलीय साहेब. दुसऱ्या वाटंनं गाडी न्यायची न्हाय, असं मालकांनी सांगितलंय." तिसऱ्या दिवशीही तेच. मॅडम अम्मींच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी सोलापूरला होत्या, त्यांचे रोजचे फोन बंद होते. त्यांना कळवायला मी दोन दिवस लावले. तो उशीर माझा.

आणि महिना संपायला आला होता. दुकानातलं मशीन महिन्याचं धान्य महिन्यातच देतं. अंगठा लावून तारखेच्या आत उचललं नाही, तर त्या महिन्याचं धान्य गेलं. वाडीत साठेक घरं. निम्मी शेतमजुरी करणारी, आणि पावसानं मजुरी बंद.

मॅडम सोलापूरहून सरळ गोदामावर आल्या. महिन्याचा शेवटचा दिवस होता, सकाळ. आम्ही दोघं आधी ओढ्यावर गेलो. पाणी तांबडं, पुलाचे दगडसुद्धा दिसत नव्हते. पलीकडं पंधरा-वीस बाया रिकामी पोती डोक्यावर घेऊन उभ्या होत्या. रोज येऊन उभ्या राहत असाव्यात. कुणी ओरडत नव्हतं. मॅडम काठावर थांबल्या, आणि माझ्या आठवणीत पहिल्यांदाच त्यांचे पाय हलायचे थांबले.

त्यांनी विचारलं, "हे दर वर्षी?"

"दर वर्षी."

माकणीहून माझा मेव्हणा ट्रॅक्टर घेऊन आला. दगडूमामा आणि त्यांच्या टोळीनं कट्टे भरले आणि मामा स्वतः ट्रॉलीत चढून बसले. वळशाचा रस्ता, त्यात शेवटचा तुकडा चिखलाचा. दोनदा चाक रुतलं, दोनदा कट्टे उतरवून पुन्हा चढवले. दुपार कलल्यावर वाडीत पोचलो. तर मशीनला रेंज नाही. दुकानदार म्हणाला, वरच्या माळावर मिळते. मग मशीन माळावर नेलं. सगळी वाडी मागं मागं माळावर. कट्टे खाली आणि अंगठे वर. एकेक अंगठा लावायचा, मशीननं गोल गोल फिरत राहायचं, कधी हो म्हणायचं, कधी नाही. मॅडम रांगेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत होत्या. बायांची बोटं ओढणीनं पुसत होत्या. सूर्य खाली जात होता आणि मशीनची बॅटरी एक रेघ राहिली होती.

सोजरबाई नावाच्या म्हातारीचा अंगठा काही केल्या लागेना. कामानं त्यावरच्या रेषाच पुसल्या होत्या. दहाही बोटं लावून झाली. मशीन बंद पडलं तेव्हा ती आणि आणखी तीन घरं राहिली होती.

म्हातारीनं हात पदराला पुसला. रडली नाही. मॅडमकडं बघून शांतपणे म्हणाली, "बाई, ही नवी वाट तुमी काडली म्हनं. तुमच्या कागदावर वढा न्हाय का?"

साहेबी उत्तर द्यायला जागा होती. पाऊस अचानक झाला, ड्रायव्हरनं ऐकलं नाही, आम्ही आलोच की. मॅडम म्हणाल्या, "नव्हता आजी. मला एक जण सांगत होते, मी ऐकलं नाही. चूक माझी आहे."

दगडूमामा बाजूलाच होते. ते दुसरीकडं बघायला लागले.

परतीच्या वाटेवर ट्रॉलीत आम्ही रिकाम्या बारदानावर बसलो होतो. मला राहवलं नाही. मी म्हणालो, "मॅडम, ओढा मलाही माहीत होता."

त्या म्हणाल्या, "मग आडवं यायचं होतं भाऊ. मी थांबले नसते, तरी आडवं यायचं होतं." आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

त्या चार घरांना पुढच्या आठवड्यात धान्य पोचलं. मॅडमनी ते कुठून आणलं ते मी विचारलं नाही. सरकारी नव्हतं एवढं नक्की, कट्ट्यांवर शिक्का नव्हता.

मग जे व्हायचं ते झालं. प्रयोग थांबला, मॅडमच्या नावानं नोटीस निघाली. ऑफिसात लोक एकमेकांना म्हणायला लागले, शाळेतलं गणित शाळेतच बरं. उमरग्याच्या रस्त्यावर ट्रक पुन्हा एकमेकांना हॉर्न द्यायला लागले. मॅडमनी नोटिशीला एका पानाचं उत्तर दिलं. ते टाइप व्हायच्या आधी मी वाचलं होतं. चूक माझी आहे, पद्धतीची नाही, असं पहिलंच वाक्य. एक अट लिहायची राहिली, ती लिहिण्यासाठी दोन महिने द्यावेत, असं शेवटचं.

दोन महिने मिळाले, आणि ते मी विसरणार नाही. मॅडमनी ड्रायव्हर, हमाल, दुकानदार, एसटीचे जुने कंडक्टर, सगळ्यांना गाठून एकच विचारलं. कुठली वाट कधी बंद पडते? उत्तरापुढं सांगणाऱ्याचं नाव आणि सही. दगडूमामांची पाळी आली तेव्हा मी तिथं होतो. मामांनी सुरुवात थोरल्या आत्तीच्या लग्नापासून केली. मग आत्तीच्या सासऱ्याची बैलं, त्यातला एक मारका, तो कुणाला विकला. मॅडम कट्ट्यावर बसल्या होत्या. पाय वर-खाली हलत होता, ओठ दाताखाली धरला होता, एकदा हात उठला आणि त्यांनी तो दुसऱ्या हातानं खाली दाबला. तासाभरानं मामा ओढ्यावर आले. आणि ओढ्यावरून निघून आणखी तीन वाटांवर गेले, ज्या कुणालाच माहीत नव्हत्या. एका ठिकाणी उसाच्या दिवसांत ट्रॅक्टरांच्या रांगेनं रस्ता तुंबतो. एका पुलाला भरलेला ट्रक सोसत नाही. एका गावात बाजारच्या दिवशी दुकानापर्यंत गाडीच जात नाही.

बोलून झाल्यावर मामांनी विचारलं, "लई लांबलं का वं मॅडम?"

"नाही मामा," मॅडम म्हणाल्या. "उलट मीच आखूड केलं होतं."

नवीन तक्ते दोन झाले, एक कोरड्या महिन्यांचा, एक पावसाळ्याचा. नागझरवाडी पावसाळ्यात उमरग्याकडं, एरवी आमच्याकडं. पहिल्या उत्तरापेक्षा ह्यात रस्ता थोडा जास्त होता. मॅडमना ते बोचत असणार, पण त्या म्हणाल्या, "हे खरं आहे." दरम्यान साहेब बदलले. नव्या बाई आल्या, त्यांनी तक्त्यांमागच्या सह्या वाचल्या, अंगठे बघितले, आणि मंजुरी दिली. सगळी गावं नाही, हद्दीवरची तेवढी. कंत्राटदारांनी वरून काही तरी जुळवलं आणि काही जुन्या वाटा तशाच राहिल्या. मॅडमना पूर्ण हवं होतं, अर्धं मिळालं. पण त्या अर्ध्यावर आजही आमचं गोदाम चालतं. पुढच्या पावसाळ्यात नागझरवाडीला धान्य महिन्याच्या पाच तारखेलाच पोचलं, उमरग्याहून, वळशानं. मी फोन करून सांगितलं, तर त्या एवढंच म्हणाल्या, "सोजरबाईंचं नाव डोळ्यांच्या मशीनवर चढलं का बघा." चढलं होतं, आता अंगठ्याऐवजी डोळा दाखवून त्यांना धान्य मिळत होतं.

मग त्यांची बदली भूम-परंड्याकडं झाली. निरोप समारंभाला त्या थांबल्या नाहीत, चार्ज देऊन दुपारीच निघून गेल्या. हमालांनी पैसे गोळा करून शाल आणली होती. ती माझ्याकडं राहिली. महिनाभरानं मला परंड्याला बहिणीकडं जायचं होतं, म्हणून वाटेत धाराशिवला त्यांच्या घरी गेलो. अम्मींनी दार उघडलं. डोळे आता चांगले झाले होते, मला लगेच ओळखलं. म्हणाल्या, "वो कहाँ घर में? पहाटेच गेली, ईटकडं का सोनारीकडं, कुठल्या तरी गावाला. बस बेटा, चहा घे." मी चहा घेतला. शाल ठेवावी म्हटलं, पण हमालांनी स्वतःच्या हातानं द्यायला सांगितली होती. पिशवी पुन्हा काखेत मारली आणि परंड्याची एसटी धरली.

सोनारी अजून थोडी लांब होती. एसटी एका फाट्यावर प्रवासी उतरवायला थांबली. मी सहज बाहेर पाहिलं, तर बाभळीखाली ती स्कूटर उभी. शेजारी मॅडम मातीत बसलेल्या. समोर एक मेंढपाळ बाई, काठीला टेकून, मेंढरं आजूबाजूला पांगलेली. बाई दूर कुठं तरी हात करून सांगत होती. हात वळत होता, खाली जात होता, पुन्हा वर येत होता. एखादी वाट असेल, किंवा तिच्या माहेरची गोष्ट असेल. मॅडमची मान त्या हाताबरोबर फिरत होती.

मी खिडकीतून हाक मारणार होतो. तोंडही उघडलं होतं. पण मधेच बोललो असतो तर त्या बाईचं राहून गेलं असतं. कंडक्टरनं घंटी मारली, गाडी हलली. मी मान वळवून बघत राहिलो, धुरळ्यात दोघी दिसेनाशा होईपर्यंत. बाई अजून सांगतच होती.